नाझरसाहेबांची झाडं

"सर, तुमची लांबची नजर कशी आहे?"

बिरोबाच्या टेकडीवर मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. दोनशे चाळीस पायऱ्या चढून मी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकलो होतो, आणि त्या घटकेला माझी जवळची नजरसुद्धा धड नव्हती. विचारणारे गृहस्थ पासष्टीचे. पांढरा नेहरू शर्ट, पांढरी विजार, पायात कॅनव्हासचे बूट, हात पाठीमागे बांधलेले. टेकडीच्या उत्तरेच्या कडेला ते अशा थाटात उभे होते, की खाली पसरलेलं गाव कुणीतरी त्यांच्या ताब्यात दिलंय आणि पोच देण्याआधी ते सगळं तपासून घेताहेत.

"बरी आहे," मी म्हणालो.

"मग ती पिवळी टाकी दिसते का बघा. शिवनेरी कॉलनी, कोपऱ्यावरची गच्ची. दोरीवर काय आहे, सांगता? माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पिकला नाही म्हणतात अजून."

खाली सगळं गाव होतं. कॅनॉल, कारखान्याचं धुराडं, कोर्टाचं कौलारू छप्पर, एसटी स्टँडावर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या गाड्या. एवढा देखावा सोडून मी एका गच्चीवरची दोरी शोधली आणि सांगितलं. दोन टॉवेल, एक चौकड्यांचा शर्ट, एक हिरवी साडी.

साडी सुती की कसली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इथून कळत नाही. फडफडतेय की लोंबतेय? लोंबतेय. "म्हणजे सुती," ते म्हणाले, आणि त्यांनी घड्याळात बघितलं. सात वाजून चौदा मिनिटं झाली होती.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो. रक्तात साखर निघाली म्हणून डॉक्टरांनी टेकडी लावून दिली होती. परक्या बाईच्या साड्यांचं वर्णन करणं हे काही त्यांच्या चिठ्ठीत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशीही त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याभरात मला त्या घरातले शर्ट ओळखू यायला लागले.

ह्यांचं नाव पुरुषोत्तम खानापूरकर, पण गावात हाक नाझरसाहेब. दिवाणी कोर्टात ते नाझर होते. जप्तीचा हुकूम निघाला की लोकांच्या घरी जाऊन पितळी घागर एक, लोखंडी कॉट एक, अशी यादी करायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. निवृत्तीनंतर ते 'बिरोबा टेकडी प्रभात मंडळा'चे अध्यक्ष झाले होते. मंडळात सोळा माणसं. मी सतरावा. सकाळी सात ते पावणेआठ चालणं, हातवारे, आणि सात-दहा ते सात-वीस हास्ययोग. हास्ययोगातून अध्यक्षांना सूट होती. त्या दहा मिनिटांत ते उत्तरेच्या कडेला उभे राहत. मंडळाचा समज असा, की ते प्राणायाम करतात.

खरं काय ते त्यांनी मला दहाव्या दिवशी सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं, हेच त्यांना आवडलं असावं.

"ती माझी मुलगी. शैलजा."

शैलजेनं चार वर्षांपूर्वी आयटीआयमधल्या एका शिक्षकाशी रजिस्टर लग्न केलं होतं. मुलगा दुसऱ्या जातीचा. कुठल्या, ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं की वाचक गोष्ट बाजूला ठेवून आपापला निकाल देऊन टाकतात. त्या दिवशी नाझरसाहेब म्हणाले होते, मी तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. ती म्हणाली होती, मग मीही तुमच्या दारात नाही. दोघांनी शब्द पाळला. पुढे दोन वर्षांनी नाझरसाहेबांची बायको गेली. तेव्हा शैलजा आली, फाटकाबाहेर रस्त्यावर उभी राहिली, आईला तिथूनच नमस्कार केला आणि परत गेली. "आत आली नाही," ते म्हणाले. सांगताना त्यांच्या आवाजात दुःख होतं की अभिमान, हे मला ठरवता आलं नाही.

"आणि तुम्ही रोज बघता," मी म्हटलं.

"दारात जाणार नाही म्हटलं होतं, सर. बघणार नाही असं काही बोलणं झालेलं नव्हतं."

गावाला लग्न माहीत होतं, गच्ची माहीत नव्हती. ते गुपित माझ्या एकट्याकडे आलं.

त्याच जुलैत मंडळानं वृक्षारोपण केलं. आमचे सेक्रेटरी आप्पा शेटे, म्हणजे बाजारातले हार्डवेअरवाले, सामाजिक वनीकरणाकडून गिरिपुष्पाची साठ रोपं फुकट घेऊन आले. ती कुठे लावायची, यावर सभा झाली. उत्तरेच्या कडेची माती पावसात वाहून जाते, तिथे लावू, असं आप्पांचं म्हणणं. इकडे बिरोबाचं देऊळ, तिकडे पाणीपुरवठ्याची टाकी, आणि मधली चाळीस पावलं. ती गच्ची दिसायची ती त्या चाळीस पावलांतूनच. ठराव अध्यक्षांनी मांडला, मी अनुमोदन दिलं, आणि पहिल्या रोपाला पहिलं पाणी नाझरसाहेबांनी घातलं. रोपं पोटरीएवढी होती. पोटरीएवढ्या रोपाच्या आड काय येणार आहे, असं त्यांनाही वाटलं, मलाही वाटलं. आम्ही दोघेही पदवीधर होतो.

मंडळाचे नियमही त्याच पावसाळ्यात झाले. नाझरसाहेबांनीच कोर्टाच्या भाषेत लिहिले. कलम तीन: प्रत्येक सभासदाने रोज पाच लिटरचे एक कॅन पाणी वर आणावे. कलम चार: कोणत्याही कारणास्तव झाडाची फांदी तोडणाऱ्या सभासदाचे सभासदत्व तत्काळ रद्द समजण्यात येईल. 'कोणत्याही कारणास्तव' हे शब्द त्यांनी नंतर वरून घातले. मोघम कलमातून लोक निसटतात, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता.

कडेची अकरा रोपं त्यांनी स्वतःकडे घेतली. तेलाचा रिकामा कॅन भरून ते तळातून चढत, अर्धं या रोपाला, अर्धं त्या रोपाला. लोक कौतुकानं त्यांना नाझरसाहेबांची झाडं म्हणायला लागले.

डिसेंबरात एका सकाळी मी दोरीकडे बघितलं आणि जरा थांबलो.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पांढरे चौकोनी तुकडे आहेत. बरेच."

"किती?"

"बारा… चौदा."

"नीट मोजा."

मी परत मोजले. चौदा. दुपटी होती. नाझरसाहेब देवळाच्या पायरीवर जाऊन बसले आणि बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी ते मंडळासाठी दोन किलो कंदी पेढे घेऊन आले. आज माझा वाढदिवस, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा वाढदिवस ऑगस्टमध्ये मंडळानंच साजरा केला होता, पण पेढा हातात असताना तारखा कोण तपासतो? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेर्लेकरबाई, म्हणजे कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांनी तर ओवाळलं.

मग दुपट्यांची झबली झाली, झबल्यांचे फ्रॉक झाले. "मुलगी आहे," मी सांगितलं. "फ्रॉकावरून अनुमान काढू नका," ते म्हणाले, पण त्या दिवशी ते पायऱ्या उतरताना शीळ घालत होते.

दुसऱ्या पावसाळ्यात झाडं त्यांच्या छातीला लागली. दिवाळीपर्यंत ती खांद्याला आली. ते टाचा उंचावून बघत, मग एक दगड आणून त्यावर उभे राहायला लागले. मीही माझा दगड आणला. त्या थंडीत त्यांचा मोतीबिंदू पिकला, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि हिरवी पट्टी काढून ते टेकडीवर आले तेव्हा त्यांना पहिल्यांदाच माझ्याशिवाय दिसलं. त्यांनी मला पाच मिनिटं एक शब्द बोलू दिला नाही. असं त्यांना जेमतेम सहा महिने बघायला मिळालं. तिसऱ्या पावसाळ्यात झाडांनी दगडासकट आम्हाला झाकून टाकलं.

गिरिपुष्पाची पानं थंडी-उन्हाळ्यात गळतात, असं वनीकरणाच्या पत्रकात छापलेलं होतं. मी त्यावर भिस्त ठेवून होतो. पण पत्रकातल्या झाडांना बाराही महिने रोज कुणी पाणी घालत नसावं. आमच्या झाडांना गळायचं काही कारणच नव्हतं. ती माघातही हिरवीगार, चैत्रातही हिरवीगार. झाडांच्या पुढे जाऊन उभं राहावं तर कडा सरळ खाली तुटलेला. नाझरसाहेब सात-दहाला त्या पानांसमोर येऊन उभे राहत, हात मागे बांधत, आणि सात-वीसला कॅन उचलून झाडांना पाणी घालत.

एकदा मी म्हटलं, तुम्ही पाणी घालणं तरी थांबवा. ते म्हणाले, "पाणी घालायची जबाबदारी घेतलीय सर. आणि झाडांनी काय केलंय?"

मे महिन्याच्या शेवटी मला शैलजेचा नवरा भेटला, राजाराम. आयटीआय आमच्या कॉलेजच्या भिंतीला भिंत लागून आहे. त्याची बदली झाली होती, चंद्रपूरला. अकरा जूनला, रविवारी सकाळी नऊ वाजता सामानाचा टेम्पो निघणार होता. दुसऱ्या दिवशी मी नाझरसाहेबांना सांगितलं. न सांगण्याचाही विचार केला होता, पण निवडणुकीपासून लग्नापर्यंत सगळ्या बातम्या उशिरा देणाऱ्या माणसांविषयी मी वर्गात फार बोललो होतो.

"म्हणजे तेरा दिवस," ते म्हणाले.

"दोन फांद्या काढू. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"कलम चार आहे."

"ते तुम्हीच लिहिलंय."

"म्हणूनच म्हणतो."

मी म्हटलं, सभा बोलवा, कलम दुरुस्त करा, अध्यक्ष तुम्ही आहात. त्यांनी हातातला कॅन खाली ठेवला. मग म्हणाले, "ठरावात कारण नोंदवावं लागतं, सर. कारण काय लिहू?"

चंद्रपूर आमच्या गावापासून एका रात्रीत पोचण्यासारखं नाही. तिथल्या गच्च्या दिसतील अशी टेकडी महाराष्ट्रात कुठेही नाही. पुढचे पाच दिवस मी त्यांच्या शेजारी उभा राहून झाडाची पानं बघितली. सहाव्या दिवशी पहाटे साडेपाचला मी घरातला नारळ सोलायचा कोयता पिशवीत घातला आणि टेकडी चढलो.

आयुष्यात मी पहिल्यांदा झाडावर कोयता चालवला, आणि तोही फांदीच्या चुकीच्या बाजूनं. पहिली फांदी पडली. दुसरी अर्धी तुटून लोंबकळत राहिली. तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, तुम्ही?" आप्पा शेटे मंडळाचा फलक रंगवायला लवकर आले होते. त्यांच्या हातात ब्रश होता आणि फलकावर 'झाडे लावा, झाडे ज' एवढं झालं होतं.

सभा तिथेच, सात वाजता. हास्ययोग त्या दिवशी रद्द करण्यात आला. आप्पांनी पडलेली फांदी सगळ्यांच्या मधोमध ठेवली होती. हेर्लेकरबाईंनी तिच्यावरून हात फिरवला. एवढी शिकलेली माणसं, असं आप्पा तीनदा म्हणाले. त्यांनी स्वतःच्या दुकानातला दोनशे फूट पाइप या झाडांसाठी दिला होता. अध्यक्षस्थानी नाझरसाहेब होते.

"सभासद क्रमांक सतरा," ते म्हणाले, "फांदी कशासाठी तोडली?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे नवे डोळे फार स्वच्छ होते. कारण सांगायचं माझ्या हातात होतं आणि ते सांगितलं तर ठरावात नोंदवलं जाणार होतं.

"काठीसाठी," मी म्हणालो. "चढताना आधाराला."

कुणीतरी हसलं. नाझरसाहेबांनी कलम चार वाचून दाखवलं, 'कोणत्याही कारणास्तव' या शब्दांसह. हात वर झाले. त्यांचाही झाला. मग त्यांनी वहीत ठराव लिहिला, सही केली, आणि उठताना माझ्या जवळून जात फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "उजवीकडची हवी होती, सर. डावीकडून नुसती पिवळी टाकी दिसते."

शुक्रवारी संध्याकाळी मी शिवनेरी कॉलनीत गेलो. निमित्त राजारामला निरोप द्यायचं. तो खोकी आणायला बाजारात गेला होता, त्याची आई मुलीला घेऊन शेजारी. शैलजा एकटीच भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी तिला तीन वर्षं रोज ओळखत होतो, पण चेहरा पहिल्यांदाच बघत होतो. तिचे हात हुबेहूब वडिलांसारखे, प्रत्येक वाटी गुंडाळली की खोक्यावरच्या यादीत खूण.

चहा झाला. मी उठायच्या बेतात असताना तिनं विचारलं, "सर, तुम्ही टेकडीवर जाता ना? बाबांची तब्येत बरी आहे?"

मी म्हटलं, ठणठणीत आहे.

"तसंच आप्पा शेटे म्हणाले. गेल्या दिवाळीला त्यांच्या दुकानात गेले होते दोरी आणायला. म्हणाले, रोज टेकडीवर असतात, एक दिवस चुकत नाहीत." तिनं हातातली वाटी खाली ठेवली. "म्हणजे येतात. फक्त आता उभे राहत नाहीत."

"कुठे उभे राहत नाहीत?"

ती मला गच्चीवर घेऊन गेली. पिवळी टाकी जवळून बरीच मोठी होती. समोर टेकडी, आणि टेकडीच्या माथ्यावर एक दाट हिरवी रेघ, देवळापासून पाणीपुरवठ्याच्या टाकीपर्यंत.

"तिथं असायचे. सात-दहाला. हात मागे बांधून. इतक्या लांबून दुसरं काही कळत नाही, पण बाबा उभे कसे राहतात ते कळतं." दोरी तिनं आधीच सोडून ठेवली होती, नुसते दोन खिळे होते. "आमच्या नळाला पाणी नऊला येतं, सर. सातला कसले कपडे धुणार? मी आदल्या दिवशीचे वाळलेलेच परत टांगायचे. सासूबाईंना वाटायचं, हिचं डोकं फिरलंय. बाळ झालं तेव्हा मला गच्चीवर जाऊ देईनात, तर ह्यांना पाठवलं. ह्यांनी चौदाच्या चौदा दुपटी टांगली. एकही वापरलेलं नव्हतं. इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती."



"मागच्या पावसाळ्यापासून दिसेनासे झाले. आधी वाटलं, आजारी असतील. मग आप्पांनी सांगितलं, एकदम ठणठणीत. तेव्हा म्हटलं, ठीक आहे. बघून बघून माणूस कंटाळतो. ह्यांनी विचारलं, बदली मागू का, मोठ्या गावात मुलीची शाळा चांगली होईल. मी म्हटलं, मागा."

"ती झाडं आहेत," मी म्हणालो. "ते रोज त्यांच्या मागे उभे असतात."

"कुणी लावली?"

"त्यांनीच. पाणीसुद्धा तेच घालतात."

ती कठड्याला टेकली. बदली रद्द होणार नाही का, मी विचारलं. ऑर्डर निघाली होती, राजारामच्या जागेवर दुसरा माणूस हजरसुद्धा झाला होता. मग आज संध्याकाळी घरी जाऊन या, मी म्हटलं. तिनं मान हलवली. दारात जाणार नाही म्हटलंय.

"आणि टेकडीवर?"

"टेकडीचं काही बोलणं झालेलं नव्हतं," ती म्हणाली.

रविवारी मी साडेसहालाच वर गेलो. आप्पांनी मला बाजूला घेऊन समजावलं, टेकडी सार्वजनिक आहे सर, मंडळ खाजगी आहे, तेव्हा तुम्ही त्या दगडाच्या पलीकडे उभे राहा. मी पलीकडे उभा राहिलो. सात-दहा झाले. मंडळ गोल करून उभं राहिलं, सगळ्यांनी हात वर केले, आणि आप्पांच्या इशाऱ्यावर हास्ययोग सुरू झाला. नाझरसाहेब आपल्या झाडांसमोर, आमच्याकडे पाठ करून.

शैलजा पायऱ्यांवरून वर आली. अडीच वर्षांची मुलगी कडेवर. हेर्लेकरबाईंनी तिला ओळखलं. शाळेत त्यांचीच विद्यार्थिनी. बाईंचं हसू मध्येच थांबलं. आप्पा म्हणाले, हसा बाई, मध्येच थांबायचं नाही, छातीत भरतं. बाई डोळे पुसत हसायला लागल्या.

"बाबा," शैलजा म्हणाली.

नाझरसाहेब वळले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. मग त्यांनी मागे बांधलेले हात सोडले, आणि त्या हातांचं आता काय करायचं ते त्यांना कळेना.

"दम लागला का चढताना?"

"नाही."

"ह्या पायऱ्या झिजल्यात फार."

"हो." ती झाडांकडे वळली. "छान वाढलीत."

"खत काही घातलं नाही. नुसतं पाणी."

हा हा हा हा, मंडळ म्हणालं, आणि सगळ्यांनी हात खाली घेतले.

"मला वाटलं, तुम्ही यायचं सोडलंत," शैलजा म्हणाली. हसण्याच्या वर आवाज जावा म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं. "मला नुसती झाडं दिसायची."

"एक दिवस चुकलो नाही. फक्त ऑपरेशनला…" ते थांबले. "तुला मी दिसायचो?"

"पहिल्यापासून."

"कपडे वाळत घालताना?"

"वाळत नव्हते घालत, बाबा."

नाझरसाहेबांनी सगळ्यात जवळच्या झाडाच्या खोडावर हात ठेवला. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरातल्या वस्तू बिनचूक टिपल्या होत्या. मी तोंड फिरवून दक्षिणेकडे बघत राहिलो, पण कान फिरवता येत नाहीत.

मुलीनं विचारलं, आमचं घर कुठंय? त्यांनी दोन्ही हात पुढे केले. शैलजेनं तिला त्यांच्याकडे दिलं. त्यांनी तिला आधी छातीशी धरलं, मग खांद्यावर घेतलं, मग डोक्यावर उचललं.

"दिसतंय?"

"झाड आहे," ती म्हणाली.

"हो. झाड आहे."

मंडळाचा हास्ययोग संपला. टेकडीवर एकाएकी इतकं शांत झालं, की खालच्या बसची खडखड ऐकू यायला लागली. शैलजेनं वाकून नमस्कार केला. नऊला निघतोय, ती म्हणाली. हो, कळलं, ते म्हणाले. मग तिनं विचारलं, "खाली येता? दारात नको. रस्त्यावरच उभे राहा."

"तुझ्या सासूबाई आत या म्हणतील," नाझरसाहेब म्हणाले. "मला नाही म्हणता येणार नाही. आणि हो म्हणता येणार नाही."

तिनं मान हलवली. तिला ते समजल्यासारखं दिसलं, आणि मला त्या दोघांचा सारखाच राग आला. मुलीला घेऊन ती पायऱ्या उतरून गेली. मुलगी तिच्या खांद्यावरून मागे बघत हात हलवत होती, आणि उत्तरादाखल मंडळातले सोळाच्या सोळा जण हात हलवत होते, कारण मंडळात लहान मुलं कधी येत नसत.

पावणेआठला सगळे उतरले. नाझरसाहेब उतरले नाहीत. मीही थांबलो, मला काही कुठल्या मंडळाची वेळ पाळायची नव्हती. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले. ऊन चढलं. ते झाडांसमोर उभे होते, हात परत मागे बांधलेले.

हायवे दक्षिणेच्या बाजूनं जातो. तिकडे एकही झाड नाही. पुलापासून टोलनाक्यापर्यंतचा सगळा रस्ता तळहातासारखा दिसतो. टेम्पो पुलावरून वळला की पुढची दहा मिनिटं तो नजरेतून सुटला नसता. मी त्यांच्याजवळ गेलो आणि म्हटलं, "नाझरसाहेब, तिकडून रस्ता दिसतो. चला. नऊ वाजत आलेत."

ते हलले नाहीत.

"नको, सर. तिला ही बाजू माहीत आहे. निघताना ती वर बघेल ती इकडेच बघेल."

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. समोर पानं होती, आणि पानांमागे सगळं गाव होतं. टेम्पो केव्हा गेला, ते आम्हाला कळलं नाही.